निरेवरचा पंप : एका खेळातील आयात शुल्काचे प्रकरण

शेतीवर जगणाऱ्या, चार कोटी वस्तीच्या 'निरा' या ग्रहाने शेजारच्या औद्योगिक 'लोहगड' ग्रहावरून येणाऱ्या पाण्याच्या पंपांवर किती आयात शुल्क लावावे, हा या प्रकरणातील प्रश्न आहे. दोन्ही ग्रह कोथरूडमधील एका खेळगटाने कल्पिलेले असून त्यांची नावे जवळच्या नदीवरून आणि किल्ल्यावरून घेतलेली आहेत. खेळ म्हणजे १९७७ मध्ये अमेरिकेत मार्क मिलर यांनी रचलेला 'ट्रॅव्हलर' हा विज्ञानकथेवर आधारलेला भूमिका-खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ. त्यात खेळाडू बहुधा ताऱ्यांमधून माल वाहणाऱ्या लहान जहाजाचे मालक किंवा चालक असतात. या गटाने मात्र या खेपेस जहाजावर न चढता निरेचे मंत्रिमंडळ व्हायचे ठरवले आणि प्रत्येक बैठक म्हणजे निरेवरचे सहा महिने असा संकेत धरला. त्यातून जो वाद उभा राहिला त्यात घोषणा थोड्या आणि हिशोब पुष्कळ होते, म्हणून तो सविस्तर मांडण्याजोगा आहे.

गटात पाच जण आहेत. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर रेफरीचे, म्हणजे खेळाचे निकाल देणाऱ्या सूत्रधाराचे, काम पाहतात. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातील उत्पादन अभियंता उद्योगमंत्री झाला आणि हिंजवडीत संगणक प्रणालीचे काम करणारा त्याचा शाळासोबती अर्थमंत्री. आयात-निर्यातीच्या मालाचे क्लिअरन्स करून देणाऱ्या एक ताई लोहगडच्या व्यापाऱ्यांची बाजू सांभाळत होत्या. पाचवी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. तिच्याकडे शेतकऱ्यांचे प्रतिनिधित्व होते आणि वयाने सर्वांत लहान असूनही वादातली निर्णायक आकडेमोड बहुतेक वेळा तिचीच होती.

विषय निघण्यास बाहेरचे निमित्त होते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरील शुल्क एकदम चढवले, तेव्हा टेक्ससमधील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ-प्रकाशनसंस्थेच्या प्रमुख मेरेडिथ प्लॅको यांनी आपला हिशोब जाहीरपणे मांडला होता. चीनमध्ये ३ डॉलरला तयार होणारा खेळ ५४ टक्के शुल्कामुळे जहाजभाड्याआधीच ४.६२ डॉलरला पडतो, आणि पुढच्या साखळीतील प्रत्येकाचे प्रमाण धरले की २५ डॉलरचा खोका ४० डॉलरपर्यंत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. विशेष आकाराचे फासे, पुठ्ठ्याचे डाय-कटिंग (साच्याने कापणे), लाकडी व प्लॅस्टिकचे सुटे भाग हे सगळे मोठ्या प्रमाणावर करणारी यंत्रणा अमेरिकेत आज नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा होता. त्यानंतर काही दिवसांतच चिनी मालावरील दर १४५ टक्क्यांवर गेला आणि मे महिन्यात ३० टक्क्यांवर उतरला. इतक्या वेगाने वरखाली होणाऱ्या दराच्या भरवशावर कोणी कारखाना काढेल काय, या प्रश्नावर गटातले सगळे एकमताने 'नाही' म्हणाले. पुढे असे एकमत क्वचितच झाले.

भाडे हेच पहिले शुल्क

अर्थमंत्र्याचा प्रस्ताव सरधोपट होता. पंपांवर २५ टक्के, यंत्रसामग्री व सुट्या भागांवर ४० टक्के, तिजोरीत भर पडेल आणि उद्योगही उभा राहील. सरांनी त्यावर मत न देता मूळ नियमपुस्तकातील मालाचा तक्ता पुढे केला. या खेळात जहाजाच्या एका उडीस, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्यास, साधारण एक आठवडा लागतो आणि माल वाहण्याचा दर प्रत्येक उडीस टनामागे १००० क्रेडिट (खेळातले चलन) असतो. तक्त्यात धान्याची मूळ किंमत टनाला ३०० क्रेडिट, पोलादाची ५००, कापडाची ३०००, यांत्रिक भागांची ७५,००० आणि यंत्र-हत्यारांची ७,५०,००० आहे. म्हणजे धान्यावर भाड्याचाच बोजा किमतीच्या तिप्पट, पोलादावर दुप्पट आणि यांत्रिक भागांवर सव्वा टक्क्याच्या किंचित वर. धान्य आणि पोलाद निरेवरच तयार होणार, त्यांना मंत्रिमंडळाच्या कृपेची गरज नाही, असा निष्कर्ष अभियंत्याने तत्काळ काढला.

ताईंनी तो तितक्याच तत्परतेने मोडून काढला. जहाजातला टन आकारमानाचा असतो, म्हणजे सुमारे १४ घनमीटर जागा. एवढ्या जागेत भरीव पोलाद रचले तर ते ११० मेट्रिक टनांच्या आसपास भरेल. ते सगळे ५०० क्रेडिटला मिळत असेल तर पोलाद जवळपास फुकटच म्हणावे लागेल. किंमत वजनाच्या टनाची आणि भाडे जागेच्या टनाचे धरले तर पोलादावरचा भाड्याचा बोजा दोन टक्क्यांच्याही खाली येतो, धान्यावरचा तीस टक्क्यांच्या जवळपास आणि कापडावरचा सहा-सात टक्के. "बंदरात आम्ही वजन आणि आकारमान दोन्ही बघतो आणि जे जास्त भरेल त्यावर भाडे लावतो," असे त्यांनी सांगितले. समुद्री वाहतुकीत फुटकळ मालासाठी ही रीत खरोखरच आहे. तारकांमधील जहाजात मात्र भाडे जागेवरच लागते आणि किंमत वजनावर धरता येते, हे मान्य करून सरांनी ताईंचा अर्थ लावण्याचा प्रकार स्वीकारला. एका मोजमापाच्या निवडीने एका ग्रहाचा पोलाद उद्योग असा संरक्षित वरून उघडा पडला. अर्थशास्त्रातील पुष्कळ वाद असेच तक्त्याच्या शीर्षकात ठरलेले असतात आणि नंतर तत्त्वांच्या नावाने लढले जातात, असे माझे मत आहे.

पंपाचे काय? खोक्यातला पंप दशांश घनमीटर जागा घेतो असे धरले तर एका जहाजी टनात १४० पंप बसतात आणि एका पंपामागे भाडे सुमारे सात क्रेडिट येते. पंपाची लोहगडमधील किंमत ४०० क्रेडिट ठरवलेली होती. भाड्याची भिंत दोन टक्क्यांचीही नाही. संरक्षण द्यायचे असेल तर ते शुल्कानेच द्यावे लागणार, एवढे निश्चित झाले.

मजुरी स्वस्त, पण पंप स्वस्त नाही

अर्थमंत्र्याचा पुढचा युक्तिवाद आपल्याकडे रोज ऐकू येणारा होता. निरेवर दिवसाची मजुरी २० क्रेडिट आणि लोहगडवर १००. पाचपट स्वस्त माणूस असताना शुल्काची गरजच काय? अभियंता यावर जवळजवळ चिडला. "अरे, पगार बघू नकोस, नगामागे काय पडतं ते बघ." लोहगडचा कामगार यंत्रांच्या साथीने दिवसाला २० पंप जोडतो, म्हणजे पंपामागे मजुरी पाच क्रेडिट. निरेचा कामगार दोन जोडतो, म्हणजे दहा. मजुरी पाचपट कमी आणि नगामागचा मजुरीखर्च दुप्पट. शिवाय हे पाच किंवा दहा क्रेडिट चारशेच्या किमतीत सव्वा ते अडीच टक्के आहेत. त्यावर रात्रभर भांडण्यात अर्थ नव्हता. खरा खर्च ओतकामातील रिजेक्शन, वाइंडिंगच्या (मोटरमधील तारेच्या वेटोळ्यांच्या) तांब्याची नासाडी, वीज गेल्यावर बंद पडणारी यंत्रे आणि भांडवलावरचे व्याज यांत जातो, हे तो ज्या तपशिलाने सांगत होता त्यावरून तो निरेपेक्षा चाकणबद्दल बोलत होता हे उघड होते.

विद्यार्थिनीने येथे एक दुरुस्ती सुचवली आणि ती योग्य होती. मजुरीचा वाटा सगळ्या वस्तूंत सारखा नसतो. साच्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीत माणसाचे काम काही सेकंदांचे असते. तीच हातमागावरची सोलापुरी चादर किंवा हाताने रंगवलेली लघुमूर्ती घेतली तर मजुरी हाच खर्चाचा गाभा असतो. या छंदातल्या लघुमूर्तींच्या बाबतीत हे चित्र स्पष्ट दिसते. विज्ञानकथेच्या प्लॅस्टिक सैन्यांसाठी जगभर प्रसिद्ध असलेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे, म्हणजे महागड्या मजुरीच्या देशात, आपल्या मूर्तींचे उत्पादन टिकवून आहे, कारण तिचा खर्च साचा आखणाऱ्या आणि कोरणाऱ्या कुशल हातांवर होतो आणि साचा एकदा उभा राहिला की पुढच्या प्रत्येक नगात माणूस फारसा लागत नाही. त्याच छंदातील पुठ्ठ्याचे खेळ मात्र चीनमध्ये जातात, कारण शंभर तऱ्हेचे सुटे भाग वेचून एका खोक्यात बसवण्याचे काम हाताचे आहे आणि त्या भागांचे सगळे पुरवठादार तेथे एकमेकांच्या शेजारी आहेत.

पहिला अर्थसंकल्प आणि त्याचे फळ

बहुमताने अर्थमंत्र्याचाच प्रस्ताव संमत झाला. पुढच्या दोन बैठकांत, म्हणजे निरेवरच्या एका वर्षात, पंपाचा एकही नवा कारखाना निघाला नाही आणि शेतकऱ्यांना पंप २५ टक्के महाग पडू लागले. सरांनी हा निकाल फाशांवर सोडला नव्हता, त्यांनी त्यामागची आकडेमोड फळ्यावर लिहिली.

चारशे क्रेडिटच्या पंपात लोहगडहून येणारे भाग २४० क्रेडिटचे आहेत. शुल्क नसताना निरेवर जोडणी करणाऱ्याच्या हाती १६० क्रेडिट उरतात. त्यातून मजुरी, वीज, व्याज आणि नफा निघाला पाहिजे. पंपावर २५ टक्के शुल्क लावल्यावर बाजारभाव ५०० होतो. पण भागांवर ४० टक्के लावल्यामुळे २४० चे ३३६ होतात. उरतात १६४. शेतकऱ्याने शंभर क्रेडिट जास्त मोजले आणि त्यातले चार क्रेडिट उद्योजकाच्या वाट्याला आले. नावाला २५ टक्के असलेले संरक्षण मूल्यवर्धनाच्या, म्हणजे जोडणी करणाऱ्याच्या हाती उरणाऱ्या रकमेच्या, हिशोबाने अडीच टक्के निघाले. अशा उलट्या शुल्करचनेची तक्रार आपल्याकडील उद्योजकांच्या संघटना दर अर्थसंकल्पापूर्वी करतात, ती याच अंकगणितावर उभी असते.

विद्यार्थिनीने या ठिकाणी इतिहासातला जो दाखला दिला तो मला सर्वांत नेमका वाटला. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात येणाऱ्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क ठेवले आणि त्याच वेळी देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. कागदावर शुल्क होते, संरक्षण शून्य होते, आणि इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या लँकेशायरला तेच हवे होते. हा कर १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला आणि १९२६ मध्ये रद्द झाला. निरेच्या अर्थमंत्र्यामागे कोणतेही लँकेशायर नव्हते. त्याने निव्वळ महसुलाच्या लोभाने तोच परिणाम साधला होता.

दुरुस्ती, आणि तिच्यातली फट

तिसऱ्या बैठकीत भागांवरील शुल्क पाच टक्क्यांवर आणले गेले आणि पंपांवरचे २५ टक्के कायम ठेवले. आता जोडणी करणाऱ्याच्या हाती ५०० उणे २५२, म्हणजे २४८ क्रेडिट उरू लागले. कारखाने निघाले. मात्र पहिले तीन 'कारखाने' ताईंचे होते. लोहगडमध्ये पूर्ण तयार झालेला पंप उकलून तीन वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायचा, प्रत्येक जहाजावर 'यांत्रिक भाग' म्हणून पाच टक्के भरायचे आणि निरेच्या बंदराबाहेरच्या गोदामात चार बोल्ट आवळून तो स्वदेशी म्हणून विकायचा. अर्थमंत्र्याने हरकत घेताच त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या अधिसूचनेत कुठं लिहिलंय, बाळा?"

ते लिहिलेले नव्हते. वस्तूंच्या वर्गीकरणाची जी आंतरराष्ट्रीय पद्धत १९८८ पासून अमलात आहे, तिच्या अर्थ लावण्याच्या दुसऱ्या नियमाच्या पहिल्या भागात सुटी केलेली किंवा न जोडलेली पूर्ण वस्तू ही पूर्ण वस्तूच समजावी असे सांगितले आहे. पण एकाच मालाचे भाग वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खेपांनी आले तर ते एकत्र धरायचे की नाही, हा प्रश्न खऱ्या जगातही सोपा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस दिली, ती याच स्वरूपाच्या मुद्द्यावर. जोडणीसाठीच्या संपूर्ण संचावर तेव्हा ३० ते ३५ टक्के शुल्क लागत होते आणि सुट्या भागांवर ५ ते १५ टक्के. भाग स्वतंत्र खेपांनी आणून कमी दर भरला गेला, असे विभागाचे म्हणणे होते. कंपनीने ते नाकारले आणि मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. चाकणला कारखाना असलेल्या कंपनीचे हे प्रकरण अभियंत्याच्या जेवणाच्या सुटीत रोज चघळले जात होते, त्यामुळे दोन्ही बाजू त्याला पाठ होत्या. शेवटी सरांनी निर्णय दिला की निरेवर किती काम प्रत्यक्ष होते त्यावर दर ठरेल. ओतकाम आणि वाइंडिंग निरेवर झाले तरच भागांना पाच टक्के, एरवी पंपाचाच दर.

या निर्णयाने तपासनिसांची फौज लागली आणि तिचा पगार महसुलातून गेला. ताईंनी त्यानंतर लाच देण्याचा मार्ग सुचवला, पण तो भाग खेळातच राहू द्यावा हे बरे.

दर बदलाच्या वेळेबाबतही एक चकमक झाली. ट्रॅव्हलरच्या विश्वात निरोप जहाजाच्या वेगानेच जातो. त्यामुळे जुना दर गृहीत धरून निघालेले जहाज आठवड्याने नव्या दराच्या बंदरात पोहोचते. आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात देशांतर्गत वापरासाठी माल सोडवताना सामान्यतः बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे घोषणापत्र) दाखल करण्याच्या दिवशीचा दर लागू होतो, तर अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये आधीच जहाजावर चढलेल्या मालाला काही काळ सूट दिली होती. गटाने भारतीय पद्धत घेतली. लोहगडच्या व्यापाऱ्यांनी तत्काळ किमतीत जोखमीचा भाग मिळवला, आणि तो शेतकऱ्यांनी भरला.

संरक्षण कधी संपणार?

चौथ्या बैठकीपर्यंत निरेवर खरे ओतकाम सुरू झाले होते आणि कारखानदारांचे शिष्टमंडळ शुल्क ४० टक्के करा म्हणून आले होते. येथे पुण्याच्याच परंपरेतील दोन भूमिका समोर आल्या. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये साखरेवरील शुल्काच्या चर्चेत संरक्षणाचे योग्य आणि अयोग्य असे दोन प्रकार सांगितले होते: वाढत्या उद्योगाला चालना देणारे पहिले, आणि वजनदार गटांना साऱ्या समाजाच्या खर्चाने पोसणारे दुसरे. पुढे १९२२ च्या वित्तीय आयोगाने संरक्षणासाठी तीन अटी घातल्या: उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून तो वाढणे शक्य नसावे, आणि कालांतराने तो संरक्षणाशिवाय जगाशी टक्कर देऊ शकावा. तिसरी अट पूर्ण होते की नाही हे आधी कोणालाच सांगता येत नाही, हा अभियंत्याचा आक्षेप रास्त होता. परंतु विद्यार्थिनीने त्यावर उपाय सुचवला की शुल्क दर वर्षी पाच टक्क्यांनी आपोआप उतरावे आणि ते थांबवायचे असेल तर मंत्रिमंडळाने दर वेळी उघड मतदान करावे.

अभियंत्याचा स्वतःचा प्रस्ताव वेगळा होता. तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना लोकांच्या पै-पैशाच्या वर्गणीतून उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीशी शुल्काची भिंत नव्हती. तेथे काम शिकलेल्या माणसांनी पुढे इतरत्र काचेचे कारखाने उभे केले. निरेनेही महसुलातील निम्मा भाग ओतकाम शिकवणाऱ्या शाळेसाठी ठेवावा, असे त्याचे म्हणणे. दिवसाला दोन पंप जोडणारा कामगार चार जोडू लागला तर नगामागची मजुरी लोहगडइतकीच होते, रिजेक्शन घटते ते वेगळेच.

अर्थमंत्र्याने भारतीय खेळण्यांचा आधार घेऊन प्रतिवाद केला. आपण खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले, आणि २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात आयात सुमारे ३३.३ कोटी डॉलरवरून १५.९ कोटींवर आली, निर्यात ९.६ कोटींवरून ३२.६ कोटींवर गेली. मग उंच भिंत चालते की! ताईंनी त्याला आठवण करून दिली की १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे दर्जाचे चिन्हही सक्तीचे झाले, आणि त्याच काळात महासाथीने जहाजवाहतूक कोलमडली होती. तीन कारणे एकदम लागू झाली असताना श्रेय एकाला देता येत नाही. त्यांच्या अनुभवात आयातदार शुल्क मोजायला तयार असतो, त्याला अडवते ते प्रमाणपत्र. गटातील प्रत्येकाच्या कपाटात परदेशी लघुमूर्तींची न उघडलेली खोकी असल्यामुळे हा मुद्दा कोणी फार ताणला नाही.

विद्यार्थिनीचा आपोआप उतरणारा दर तीन विरुद्ध एक मतांनी संमत झाला आणि अभियंत्याच्या शाळेला निम्म्याऐवजी चौथाई महसूल मिळाला. माझ्या मते हे प्रमाण उलटे हवे होते: दर उतरण्याचा वेग अर्धा आणि शाळेचा वाटा दुप्पट; कारण माणूस तयार व्हायला लागणारी वर्षे शुल्काच्या उतरंडीत बसत नाहीत. सहाव्या बैठकीस पंपावरील शुल्क २० टक्के आहे, निरेवरचा कामगार दिवसाला तीन पंप जोडतो, आणि कारखानदारांचे शिष्टमंडळ पहिल्या उघड मतदानासाठी पुन्हा दारात उभे आहे. ताईंनी या वेळी लोहगडचे व्यापारी सोडून त्या शिष्टमंडळाचे वकीलपत्र घेतले आहे.